कार्टूनपटांतील मूल आणि मोठ्यांची परंपरा

लहान मुलांसाठीं म्हणून जे चित्रांचे चित्रपट तयार होतात आणि ज्यांस आपल्याकडे लहानथोर सर्वजण सरसकट ‘कार्टून’ म्हणतात, त्यांच्याविषयीं मुलांत सहसा वाद होत नाहीं. वाद होतो तो मोठ्यांत. एकाच घरांत, एकाच पडद्यापुढें बसून, एकच कथा पाहून उठलेलीं वडील माणसें त्या कथेविषयीं दोन अगदीं विरुद्ध मतें देतात. एक म्हणतो, ‘‘मुलगी बापाचें ऐकत नाहीं आणि शेवटीं तिचेंच खरें होतें, हें का मुलांस शिकवावयाचें?’’ दुसरा म्हणतो, ‘‘तिनें ऐकलें असतें तर सारें बेट उपाशी मेलें असतें, मुलांस हेंच शिकविलें पाहिजे.’’ पहिल्यास परंपरेची काळजी असते, दुसऱ्यास तारुण्याची. दोघांचीही कळकळ खरी असते. परंतु दोघांनींही एक गोष्ट न तपासतां गृहीत धरलेली असते. ती ही कीं, परंपरा म्हणजे वडिलांच्या हातांतील एक तयार वस्तु आहे, आणि तरुणानें ती घ्यावी किंवा टाकावी, एवढाच काय तो प्रश्न आहे.

हें गृहीत कितपत खरें आहे, याचा विचार आम्ही येथें इतिहासाच्या आधारें करणार आहों. आणि तो भंडारा जिल्ह्यापाशीं आणून सोडणार आहों. हें वाचून कांहीं वाचकांस नवल वाटेल. कार्टूनपट मुंबईंत निघतात, हैदराबादेस निघतात, अमेरिकेंत आणि जपानांत निघतात. वैनगंगेच्या कांठच्या या धानाच्या, तळ्यांच्या, कोशाच्या आणि पितळी भांड्यांच्या मुलुखाशीं त्यांचा संबंध काय? संबंध असा कीं, पिढी आणि परंपरा यांचें जें नातें हे चित्रपट रंगविण्याचा प्रयत्न करतात, तें या जिल्ह्यांत गेल्या पाऊणशें वर्षांत प्रत्यक्ष घडलेलें आहे. पण प्रथम चित्रपटांची हकीकत सांगितली पाहिजे.

या विषयांतला पहिला घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. ‘कार्टून’ या शब्दास मराठींत ‘व्यंगचित्र’ हा प्रतिशब्द रूढ झाला. व्यंग म्हणजे उणेपणा. तेव्हां व्यंगचित्र म्हणजे कोणाचें तरी उणें दाखवून हसविणारें चित्र, ही समजूत शब्दाबरोबरच मनांत शिरते. मग देवादिकांचें कार्टून काढावयाचें म्हटलें कीं भाविक माणूस दचकतो. याचें ठळक उदाहरण रामकथेवरील जपानी चित्रपटाचें आहे. युगो साको हे जपानी दिग्दर्शक रामायणाशीं संबंधित अवशेषांवर एक माहितीपट करीत असतां १९८३ सालीं त्यांच्या कामाची बातमी आपल्याकडील वृत्तपत्रांत आली आणि विश्व हिंदु परिषदेनें निषेध कळविला. रामायण हा राष्ट्राचा ठेवा. परकीयांनीं त्याचें कार्टून करूं नये, असा त्याचा आशय होता. साको यांचें म्हणणें नेमकें उलट होतें. राम हा देव असल्यामुळें एखाद्या नटानें त्याचें सोंग घेण्यापेक्षां चित्रानेंच त्यास साकार करणें अधिक योग्य, असें त्यांस वाटत होतें. पुढें राम मोहन या आपल्याकडील जाणत्या चित्रकाराच्या सहकार्यानें तो चित्रपट पुरा झाला आणि १९९३ सालीं दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवांत दाखविला गेला. चित्रगृहांत त्याचें फारसें स्वागत झालें नाहीं. पण दूरचित्रवाणीवर तो मुलांनीं पाहिला, आणि तीं मुलें मोठीं झाल्यावर, २०२५ च्या जानेवारींत, नव्या ध्वनिमुद्रणासह तो चित्रगृहांत पुन्हां आला. तेव्हां त्यास कोणी अपमान म्हटलें नाहीं. बालपणचा ठेवा म्हणूनच लोक तो पाहावयास गेले. एका पिढीच्या मोठ्यांस जें परंपरेवरील संकट वाटलें, तेंच पुढच्या पिढीच्या मोठ्यांस परंपरेचें अंग वाटूं लागलें. मधल्या बेचाळीस वर्षांत चित्रपट बदलला नव्हता. पाहणारा बदलला होता.

हा अनुभव एका चित्रपटापुरता नाहीं. १९८९ सालचा ‘द लिटल मरमेड’ हा अमेरिकन चित्रपट घ्या. समुद्रराजाची मुलगी बापाचा हुकूम मोडून पृथ्वीवर जावयास निघते. हा चित्रपट दहाव्या वर्षीं पाहणारी मुलगी त्या जलकन्येच्या बाजूची असते. तीच मुलगी चाळिसाव्या वर्षीं आपल्या लेकीबरोबर तो पाहावयास बसली म्हणजे तिचें लक्ष नकळत त्या बापाकडे जातें, आणि सोळा वर्षांच्या पोरीनें एका दृष्टिभेटीवर केलेला सौदा पाहून तिच्या छातींत धस्स होतें. दोन्ही वेळां ती प्रामाणिकच असते. म्हणून मोठ्यांचीं मतें ऐकतांना तीं चित्रपटाविषयीं आहेत कीं मत देणाराच्या वयाविषयीं, हें आधीं पाहिलें पाहिजे.

आतां आपल्या मुलुखाकडे वळूं. हलत्या चित्राची करामत आपल्या देशांत ज्यांनीं प्रथम केली त्यांत दादासाहेब फाळके यांचें नांव आधीं घ्यावें लागतें. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं लोकांपुढें आला. त्याच्या आधीं त्यांनीं एका रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून, बीज आपोआप उगवून वर येत आहे असा भास करून दाखविला होता. पुढें १९१५ च्या सुमारास त्यांनीं ‘आगकाड्यांची मौज’ ही छोटी फीत केली. तींत काड्या आपल्या आपण हलून आकृति धरतात. परंतु आमच्या विषयास त्यांचा १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ अधिक जवळचा आहे. तो कार्टूनपट नव्हे. पण मुलास नायक करणारा तो आपला आरंभींचा चित्रपट होय. त्यांत श्रीकृष्णाची भूमिका फाळक्यांच्या कन्या मंदाकिनी यांनीं, वयाच्या अवघ्या सहासात वर्षांच्या असतांना, केली. गांवभर खोड्या करून लोकांस त्राहि भगवान् करून सोडणारें मूल आणि विषारी डोहांत उडी घेणारें मूल हीं दोन नव्हत. ज्या वृत्तीनें तें लोणी चोरतें त्याच वृत्तीनें तें नागाच्या फणेवर चढतें. वडील माणसें तेवढ्या वेळांत कांठावर उभीं राहून रडत असतात. जी कथा आपण परंपरेनें पूज्य मानतों तिच्यांतच मुलाचा अनावरपणा आणि मोठ्यांचा असहायपणा असा शेजारीं शेजारीं ठेवलेला आहे.

प्रभात फिल्म कंपनीनें १९३४ सालीं ‘जंबूकाका’ हा छोटा कार्टूनपट काढला. हा प्रयत्न खाजगी कंपनीचा होता. पद्धतशीर शिक्षण मात्र स्वातंत्र्यानंतर सरकारी फिल्म्स डिव्हिजनमधून सुरू झालें. वॉल्ट डिस्ने यांच्या हाताखालीं काम केलेले क्लेअर वीक्स हे १९५६ सालीं मुंबईस येऊन आपल्या तरुण चित्रकारांस धडे देऊं लागले, आणि १९५७ सालीं ‘द बन्यन डिअर’ हा चित्रपट तयार झाला. त्याचें कथानक जातकांतील आहे आणि चित्रांची धाटणी अजिंठ्याच्या भिंतींवरून घेतलेली आहे. राजाच्या भोजनासाठीं रोज एका हरिणानें पाळीनें मरावयाचें, असा करार झालेला असतो. एके दिवशीं पाळी गाभण हरिणीवर येते. तेव्हां कळपाचा राजा स्वतः तिच्या जागीं मान देण्यास जातो. ही कथा आम्ही येथें मुद्दाम सांगितली. कारण परंपरेच्या नांवानें मुलांस सांगितलेल्या कथांत लहानांनीं मोठ्यांसाठीं सोसावें, असें पुष्कळदां असतें. मोठ्यानें अजून न जन्मलेल्या पाडसासाठीं स्वतःस पुढें करावें, असें क्वचित्.

१९७४ सालीं विजया मुळे आणि भीमसेन यांनीं केलेला ‘एक अनेक और एकता’ दूरदर्शनवर कित्येक वर्षें दाखविला गेला; मोठी बहीण लहान भावंडांस पक्षी, जाळें आणि एकजूट यांची जुनी गोष्ट सांगते, एवढेंच त्याचें कथानक. त्यांत कोणी उपदेशाच्या उंच आसनावर बसलेलें नाहीं. जरा मोठें मूल लहान मुलांस सांगत आहे. त्या पिढीच्या मुलांस तो अजून आठवतो याचें एक कारण आम्हांस हेंच वाटतें.

त्यानंतर काळ पालटला. २००५ सालीं व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ लोकांस आवडला आणि देवांच्या बाललीलांचे चित्रपट एकामागून एक निघाले. २००७ सालीं ‘बाल गणेश’ आला. त्याच सालच्या ‘रिटर्न ऑफ हनुमान’मध्यें तर हनुमंत एका साध्या गांवच्या शाळेंत मुलगा होऊन दांडग्या पोरांस धडा शिकवूं लागला. २००८ पासून हैदराबादेच्या राजीव चिलका यांचा ‘छोटा भीम’ घरोघर पोहोंचला. त्याचें नांव तेवढें महाभारताची आठवण देणारें, बाकी ढोलकपूर गांव आणि त्यांतील पराक्रम सगळे नवेच. मराठींत २०१८ सालीं ‘प्रभो शिवाजी राजा’ हा कार्टूनपट आला. या सर्वांचें मोठ्यांकडून स्वागत झालें तें बहुशः एका कारणासाठीं : ‘मुलांस निदान आपल्या देवांचीं आणि वीरांचीं नांवें तरी कळतात.’

हें कारण खोटें नाहीं. नांवें कळणें ही लहान गोष्ट नव्हे. परंतु या चित्रपटांपैकीं पुष्कळांत एक चमत्कारिक अदलाबदल झालेली आहे. देवास मूल केलें आहे खरें. पण मुलास जें मूलपण असतें तें त्यास ठेवलेलें नाहीं. हा बालदेव कधीं चुकत नाहीं, कोणास अवघड प्रश्न विचारीत नाहीं, कोणाशीं मतभेद करीत नाहीं. तो बलवान् असतो आणि मोठ्यांचें ऐकतो. म्हणजे मोठ्यांस जसें मूल हवें असतें तसें तें आहे. मूळ कथा याहून पुष्कळ शहाणी आहे. सूर्यास फळ समजून झेपावणारा मारुति ऋषींच्या आश्रमांतही धुमाकूळ घालतो, म्हणून त्यांच्या शापानें त्यास स्वतःच्या बळाचा विसर पडतो. पुढें समुद्रकिनारीं सारे वानर हताश बसले असतां म्हातारा जांबवंत त्यास त्याच्या बळाची आठवण करून देतो. बळ जांबवंताचें नाहीं. तें त्यानें दिलेलेंही नाहीं. आठवण तेवढी त्याची आहे. वडिलांनीं तरुणांसाठीं काय करावें याचा याहून नेमका दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां परदेशांत काय झालें तें थोडक्यांत पाहूं. तेथेंही प्रारंभीं कार्टूनपटांतील मूल शहाणें करून सोडण्याकडेच कल होता. डिस्ने यांचा १९४० सालचा ‘पिनोकियो’ शाळा बुडवून गंमत करावयास जातो, त्यास गाढवाचे कान फुटतात. इटालियन लेखक कोलोदी याच्या १८८३ सालच्या पुस्तकांत उपदेश करणाऱ्या रातकिड्यास तो लांकडी पोर हातोडा फेंकून ठार करतो. चित्रपटांत मात्र तो रातकिडा जिवंत राहून शेवटपर्यंत त्याची सदसद्विवेकबुद्धि होऊन बसतो. पुस्तकांतला पोर चित्रपटांत येतां येतां किती माणसाळला, हें यावरून दिसेल. जपानांत याहून भयंकर प्रकार झाला. पीच फळांतून जन्मलेल्या मोमोतारोची गोष्ट तेथें आजी नातवंडांस सांगत आली. १९४५ सालीं, महायुद्धाच्या शेवटच्या महिन्यांत, तेथील नौदलाच्या आश्रयानें याच मोमोतारोस सेनापति करून एक लांब कार्टूनपट निघाला. अस्वल, माकड वगैरे गोजिरवाणे प्राणी त्याचे सैनिक होते. परंपरेचें नांव घेऊन मुलांपुढें काय काय ठेवतां येतें, हें समजण्यास हें उदाहरण पुरेसें आहे. कथा जुनी आहे म्हणून ती सांगणाराचा हेतु निर्मळच असतो, असें नाहीं.

अलीकडच्या चित्रपटांनीं उलट टोक गांठलें, असें परंपराभिमानी म्हणतात. बाप चुकतो, मुलगी बरोबर असते. २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’मध्यें तर शिकावयाचें असतें तें लेकरास जपतां जपतां त्याचा श्वास कोंडणाऱ्या बापानेंच. पण हे चित्रपट नीट पाहिले तर निराळेंच दिसतें. २०१६ सालच्या ‘मोआना’ची कथा पाहा, लेखाच्या आरंभीं आम्ही जो वाद सांगितला तो अशाच कथेवरून उठतो. प्रशांत महासागरांतील एका बेटाचा नायक आपल्या मुलीस बजावतो कीं, खडकांची रांग ओलांडून समुद्रांत जावयाचें नाहीं. हीच आपली रीत. बाप दुष्ट नाहीं. त्याचा मित्र समुद्रांत बुडून मेलेला आहे. बेटावरील नारळ नासूं लागतात, मासळी मिळेनाशी होते, तरी रीत ती रीत. तेव्हां मुलीची आजी तिला एका गुहेंत नेते. तेथें पूर्वजांचीं मोठमोठीं गलबतें झांकून ठेवलेलीं असतात. हे लोक मूळचे दर्यावर्दी. घरीं बसण्याची रीत मागाहून भीतीपोटीं आलेली. मुलगी समुद्रांत जाते ती परंपरा मोडून नव्हे. बापाच्या परंपरेखालीं दडपलेली पणज्यांची परंपरा उचलून जाते. २०१७ सालच्या ‘कोको’मध्येंही संगीतास बंदी करणाऱ्या कुटुंबांतील मुलगा शेवटीं एका विसरलेल्या पूर्वजाचीच आठवण घरास परत आणून देतो. तेव्हां येथील झगडा तारुण्य आणि परंपरा यांचा नाहीं. एक परंपरा आणि तिच्याहून जुनी दुसरी परंपरा यांचा आहे, आणि तरुण त्या दुसरीचा वकील आहे.

हा विचार परदेशी आहे असें ज्यांस वाटेल त्यांनीं आपल्याच कथा आठवून पाहाव्या. प्रल्हाद बापाची आज्ञा मोडतो. एवढेंच नव्हे, तर गुरुजी कांहीं कामास गेले असतां वर्गांतील इतर मुलांसही आपला पाठ देतो. आजच्या शाळेंत त्याची तक्रार घरीं गेली असती. नचिकेत्यानें पाहिलें कीं बाप सर्वस्वदानाचें नांव घेऊन दूध आटलेल्या म्हाताऱ्या गाई दान करीत आहे; आणि त्यानें विचारलें कीं, मला कोणास देणार? तो प्रश्न यज्ञाविरुद्ध नाहीं; बापानेंच चालविलेला यज्ञ खरा व्हावा म्हणून तो आहे. आळंदीच्या चार पोरक्या भावंडांस त्या काळच्या वडीलधाऱ्यांनीं वाळींत टाकलें. त्यांतील एकानें शके १२१२ मध्यें गीतेवरील जी टीका सांगितली, तीच आज महाराष्ट्राची परंपरा आहे, आणि वाळींत टाकणाऱ्यांचीं नांवेंही कोणास ठाऊक नाहींत. चौदाशें वर्षें जगला असें सांगतात त्या चांगदेवानें त्यांतील सर्वांत धाकट्या मुक्ताबाईस गुरु केलें. शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरींत असतां त्यांच्या कोवळ्या मुलानें किल्ले घेण्यास आरंभ केला, तेव्हां शहाणीसुरतीं माणसें त्यास काय म्हणालीं असतील याची कल्पना करणें अवघड नाहीं. कालचें पोरकट बंड आजची परंपरा होतें, हा आमच्या इतिहासाचा नियमच दिसतो. म्हणून मुलास शिवरायांचा कार्टूनपट दाखवून, ‘पाहा, असें वडिलांचें ऐकावें,’ असें सांगणाऱ्यानें आपण काय दाखवीत आहों तें एकदां नीट पाहावें.

येथें भंडारा जिल्ह्याची गोष्ट येते. १९५४ सालीं भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि त्यांचा पराभव झाला. त्यानंतर दोन वर्षांनीं, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, येथून जवळच नागपुरास त्यांनीं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि आपल्या लाखो अनुयायांस दिली. भंडारा जिल्ह्यांतीलही अनेक कुटुंबें तेव्हां आणि त्यानंतर बौद्ध झालीं. घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या पुजलेले देव बाहेर काढले गेले. ज्यांनीं तें पाहिलें त्यांतील कित्येकांस तें तरुणांनीं परंपरेवर केलेला घाव वाटलें असेल. त्याच घरांतील एखाद्या म्हातारीचें मनही कचरलें असेल. परंतु जे देव काढीत होते ते रिकाम्या हातांनीं राहत नव्हते. ते याच भूमींतील एक जुनी वाट पुन्हां चालूं लागले होते.

ती वाट किती जुनी होती तें तेरा वर्षांनीं याच जिल्ह्याच्या मातीनें दाखविलें. पवनी हें वैनगंगेच्या कांठचें तटबंदीचें प्राचीन गांव. तेथील जगन्नाथ टेकडीचें उत्खनन नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनीं १९६९-७० सालीं केलें, डॉ. शां. भा. देव आणि जगत्पति जोशी यांनीं त्याचा वृत्तांत लिहिला. टेकडी म्हणून जी ओळखली जात होती तींतून इसवी सनापूर्वीच्या शतकांतील भव्य स्तूपाचे अवशेष, कोरीव कठड्याचे खांब, दात्यांचीं नांवें सांगणारे ब्राह्मी लेख आणि मुचलिंद नागाचें नांवानिशीं कोरलेलें शिल्प निघालें. बुद्धास पावसापासून फणेखालीं झांकणारा तो मुचलिंद दोन हजार वर्षें येथें मातीखालीं होता, आणि वर गांवचीं माणसें आपापली परंपरा पाळीत होतीं. मोआनाची आजी तिला ज्या गुहेंत नेते ती गुहा कल्पनेंतली आहे. पवनीची टेकडी खरी आहे. १९५६ च्या नव्या पिढीनें ‘परंपरा मोडली’ कीं ‘परंपरा उघडली’, याचें उत्तर १९७० नंतर पवनीस उभें राहून ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं द्यावें.

यावरून असा अर्थ कोणी काढूं नये कीं, जुनें जितकें खोल तितकें चांगलें. मोमोतारोची गोष्टही जुनीच होती. आमचें म्हणणें इतकेंच कीं, परंपरा एक नसते. घरांत, गांवांत, जमिनीखालीं त्या पुष्कळ असतात, आणि त्यांतील कोणती उचलावी याची निवड प्रत्येक पिढीस करावीच लागते. मोठ्यांनींही ती एकदां केलेली असते. फक्त ती निवड होती हें ते विसरलेले असतात.

मग मुलांस परंपरा द्यावयाची ती कशी? याचेंही उत्तर या मुलुखाजवळ आहे. वैदर्भीय वाचकांस तान्हा पोळा सांगावयास नको; इतरांसाठीं सांगतों. पोळ्याच्या दिवशीं शेतकरी खऱ्या बैलांची पूजा करतो. दुसऱ्या दिवशीं मुलांचा पोळा असतो. चाकें लावलेला लांकडाचा नंदी, त्याच्या पाठीवर झूल, गळ्यांत माळ. मुलें तो दोरीनें ओढीत घरोघर नेतात आणि मोठी माणसें त्यांच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ किंवा पैसे ठेवतात. नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनीं १८०६ सालीं ही चाल सुरू केली असें सांगतात. भंडारा त्या वेळीं भोसल्यांच्याच राज्यांत होतें. या खेळाकडे नीट पाहिलें म्हणजे कळतें कीं, येथें मुलास कोणी परंपरा दाखवीत नाहीं. तिची दोरी त्याच्या हातांत दिलेली असते. नंदी त्याचा, सजावट त्याची, वाट त्यानें निवडलेली. मोठ्यांचें काम दारांत उभें राहून त्याचा मान करण्याचें. मूल नंदी वेडावांकडा रंगवील, त्यास डोळ्यांवर चष्माही चढवील. त्यानें पोळा बाटत नाहीं.

पडद्यावरील परंपरा आणि दोरीची परंपरा यांत हा भेद आहे. पडद्यावर जें येतें तें साऱ्या देशास एकच येतें. भंडाऱ्याचें मूल बालहनुमानास हिंदींत बोलतांना ऐकतें. पण त्याच्या आजीची बोली, ‘ण’ च्या जागीं ‘न’ म्हणणारी, आपल्या निराळ्या शब्दांची झाडीबोली, त्यास कोणत्याही कार्टूनमध्यें ऐकूं येत नाहीं. दिवाळीनंतर गांवोगांवीं भरणारी मंडई, तेथील दंडार आणि खडी गंमत, रात्रभर चालणारें झाडीपट्टीचें नाटक, यांची एखादी रेघही तेथें नसते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनीं या बोलीसाठीं आयुष्य वेंचलें. परंतु मुलाच्या मनांत जी भाषा चित्राबरोबर शिरते तिच्याशीं ग्रंथांनीं एकट्यानें झुंजणें कठीण आहे. मुलांस देवांचीं नांवें कळलीं यावर संतुष्ट होणाऱ्या वडिलांनीं एवढा हिशेब मांडून पाहावा : पडद्यानें परंपरा दिली हें खरें, पण ती देतांना घरांतली कोणती नेली?

कोणी म्हणेल, मग मुलांस हे चित्रपट दाखवूंच नयेत काय? आम्ही असें म्हणत नाहीं. दाखवावेत, परदेशी दाखवावेत, आपलेही दाखवावेत. बंदी करणारे वडील खडकांच्या रांगेशीं उभ्या असलेल्या त्या बेटाच्या नायकासारखेच होत. त्यांची भीति खरी असते, उपाय खोटा असतो. दुसरा कोणी म्हणेल कीं, प्रत्येक हट्टी पोर म्हणजे प्रल्हाद नव्हे. तेंही खरें आहे. प्रल्हाद सोसण्यास तयार होता. डोंगरावरून लोटलें तरी त्यानें आपलें म्हणणें सोडलें नाहीं, आणि शेवटीं देवापाशीं त्यानें बापाचीच सद्गति मागितली. ज्या चित्रपटांत मूल वडिलांचा हुकूम मोडतें पण त्याची कांहींच किंमत देत नाहीं, तो चित्रपट हलका. तो परंपरेच्या विरुद्ध आहे म्हणून नव्हे, खोटा आहे म्हणून. आणि ज्यांत मूल केवळ आज्ञा पाळतें आणि राक्षस मारतें, तोही तितकाच खोटा.

तेव्हां वडिलांनीं चित्रपट संपल्यावर निकाल देण्याची घाई करूं नये. मुलास एक प्रश्न विचारावा : त्या मुलीनें काय मोडलें, आणि काय राखलें? त्याचें उत्तर आपल्यास न रुचणारें असलें तरी पुरें ऐकून घ्यावें. मग आपल्या आठवणींतली एखादी गोष्ट, आपल्याच बोलींत, त्यास सांगावी. जमल्यास पवनीची टेकडी त्यास नेऊन दाखवावी. त्या टेकडीवर उभें राहिल्यावर लहानाच्या आणि मोठ्याच्या वयांतील अंतर फारसें उरत नाहीं. दोन हजार वर्षांपुढें दोघेही सारखेच लहान असतात. जांबवंतानें समुद्र ओलांडला नाहीं आणि ओलांडण्याची आज्ञाही केली नाहीं. त्यानें आठवण दिली आणि तो बाजूस झाला. उडी ज्याची होती त्यानें मारली.